गाण्यांचं बारसं

गाण्याला नाव असतं ही गोष्ट मला बरीच उशिरा कळली. आमच्या भोरात गाणी नावानं ओळखली जात नसत, पत्त्यानं ओळखली जात. ‘वकिलांच्या ओटीवरची तबकडी’, ‘सलूनमधलं सकाळचं’, ‘स्टँडवरच्या हॉटेलातलं रडकं’ असं म्हटलं की ज्याला समजायचं त्याला बरोबर समजे. आमच्या आईनं तर सबंध नाट्यसंगीताला ‘ते आऽऽ करतात ते’ एवढं एकच नाव देऊन टाकलं होतं. त्यातून एखादं पद फारच आवडलं तर ‘ते लांब आऽऽ करतात ते.’ एवढ्या वर्गीकरणावर आमच्या घराची पंचवीस-तीस वर्षं बिनतक्रार निघाली.

पुढं माझ्या डोळ्यांनी रजेवर जायला सुरुवात केली. आधी किरकोळ रजा, म्हणजे फक्त रात्रीपुरती. मग हक्काची. मग बिनपगारी. मी बावीस वर्षांचा झालो आणि त्यांनी कायमची निवृत्ती घेतली. मागे पेन्शन म्हणून रंगांच्या थोड्या आठवणी ठेवल्या, त्याही आता महागाईमुळे पुरत नाहीत. तेव्हा मला नावाचं महत्त्व कळलं. डोळस माणसाला गाणं शोधायला नाव लागतच नाही हो! ‘ती निळी कॅसेट, कोपऱ्यात चहाचा डाग पडलेली’ असं म्हणून तो हात घालतो आणि काढतो. मला निळं आणि पिवळं सारखंच, आणि चहाचा डाग हाताला लागत नाही. मला नाव लागतं. आणि नुसतं असून भागत नाही, ते कुणीतरी मोठ्यानं म्हणावं लागतं.

हा जो कुणीतरी, त्याचा इतिहास मला सांगायचा आहे. आज माझ्या टेबलावरच्या संगणकात अकरा हजारांच्या वर गाणी आहेत आणि त्यांतलं हवं ते मी कुणालाही हाक न मारता काढू शकतो. माझा ‘कुणीतरी’ आता यंत्रातच राहतो. पडद्यावर जे काही लिहिलेलं असेल ते मोठ्यानं वाचणारा हा प्रोग्रॅम. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. आमच्या वहिनी त्याला ‘भाऊजींचा भिक्षुक’ म्हणतात, कारण तो अर्थाकडे लक्ष न देता अतिशय वेगानं म्हणत सुटतो.

पण त्याच्यापर्यंत यायला मधे शंभर वर्षं गेली.

माझ्या हिशेबानं या वंशाची मूळ पुरुष एक बाई आहे. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा साहेब ग्रामोफोन कंपनीतर्फे कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्यानं भोंग्यापुढं गौहरजानला गायला बसवलं. गाणं मुद्रित व्हायचं इथं, पण तबकड्या निघायच्या पार जर्मनीत, हॅनोव्हरला. आता हॅनोव्हरच्या कारखान्यातल्या माणसाला यातली गौहरजान कोण आणि दुसरी कोण हे कसं कळावं? त्याच्या दृष्टीनं सगळंच ‘ते आऽऽ करतात ते.’ (आमची आई त्या कारखान्यात सहज खपून गेली असती.) तेव्हा तोड निघाली ती अशी, की गाणं संपताना गाणाऱ्यानं आपलं नाव खणखणीत सांगायचं. गौहरजान तीन मिनिटं जीव ओतून गायची आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव जाहीर करायची. तिकडचा कारागीर ते ऐकून लेबल तयार करायचा.

लोक ती जुनी तबकडी ऐकतात आणि शेवटच्या त्या घोषणेला हसतात. बाईंचा तोरा, म्हणतात. मला मात्र ती ऐकताना गहिवरून येतं. आपलं नाव पोटात घेऊन हिंडणारं गाणं! डोळे असोत नसोत, सुई शेवटापर्यंत गेली की कुणाचं ते कळणारच. पण १९०८ साली कलकत्त्याला सियालदाला कारखाना निघाला, तबकड्या इथंच दाबून निघू लागल्या, आणि ही नाव सांगायची चाल हळूहळू मागे पडली. नाव कागदावर गेलं. कागद गोल होता, सुंदर होता, त्यावर कुत्रा होता. फक्त तो बोलत नव्हता.

आमच्या आळीत हा कागद वकीलकाका वाचत. गाण्याच्या आधी ते लेबल वाचीत ते खरेदीखत वाचल्यासारखं. गाणाऱ्याचं नाव, नाटकाचं नाव, रागाचं नाव, तबकडीचा नंबर आणि शेवटी ‘डमडम’सुद्धा. नंबर ते दोनदा वाचत. त्यात त्यांचा हेतू काय होता कोण जाणे. बहुधा उद्या तबकडीनं कोर्टात वेगळीच साक्ष दिली तर पुरावा असावा, हा असावा.

मग रेडिओ आला. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. मीही १९५३ चाच, त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांना एकेरीत बोलू शकतो. केंद्र दीड वर्षाचं झालं तेव्हा, म्हणजे १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी त्यानं गीतरामायण सुरू केलं. मी दीड वर्षाचा झालो तेव्हा फक्त चालत होतो. माडगूळकरांनी आठवड्याला एक गीत लिहायचं आणि फडक्यांनी चाल लावायची, असं वर्षभर चाललं आणि छप्पन्न गीतं झाली. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, सांगते की त्या दिवशी वकिलांच्या ओटीवर उदबत्ती लावलेली होती. मला यातलं काही आठवत नाही. पण निवेदक नावाचा प्राणी मात्र मला कळायला लागल्यापासून आठवतो. गीत कुणाचं, संगीत कुणाचं, आवाज कुणाचा, हे सगळं गाण्याआधी, स्वच्छ, आणि प्रत्येकाला समान मान देऊन तो सांगायचा. विविध भारतीवर तर फर्माईश करणाऱ्यांची नावंही सांगत. झुमरीतलैया हे गाव नकाशात कुठं आहे हे मला अजून ठाऊक नाही, पण तिथल्या रसिकांची निम्मी मतदारयादी मला तोंडपाठ होती.

रेडिओचं वाईट एकच. गाणं तो त्याच्या मर्जीनं लावायचा. आपल्याला रात्री दोन वाजता मारवा ऐकावासा वाटला तर रेडिओ त्या वेळी झोपलेला असे. (मारवा संध्याकाळचा, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला दिवस आणि रात्र घड्याळ विचारून कळते त्याला थोडी सवलत असावी.)

मी पुण्याला एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागलो आणि पहिल्या चार पगारांतून टेपरेकॉर्डर घेतला. तिथून कॅसेटयुग. त्या युगात मी विद्वानांनी अभ्यास करावा इतक्या पद्धती वापरल्या. ब्रेलची पाटी घेऊन जाड प्लास्टिकच्या पट्टीवर नाव टोचायचं आणि ती पट्टी डबीला चिकटवायची, ही राजरोस पद्धत. पण डबीच्या कडेवर ब्रेलची अक्षरं मावणार ती बारा-पंधरा. तेवढ्यात कुमार गंधर्व बसतात, त्यांचा राग बसत नाही. मग रबरबँडची पद्धत काढली. एक रबर नाट्यगीत, दोन रबरं अभंग, तीन शास्त्रीय, चार म्हणजे लावणी, कारण लावणीला जरा जास्त बांधून ठेवलेलं बरं. पहिल्याच उन्हाळ्यात रबरं वितळली आणि अभंग, लावणी आणि दरबारी कानडा एकजीव झाले.

सुटीला भोरला आलो की कॅसेटींची पेटी बरोबर. एका दिवाळीला वहिनींनी माझ्यावरच्या मायेपोटी सगळ्या डब्या साबणाच्या पाण्यानं धुतल्या, पट्ट्या निघाल्या त्या नीट एका वाटीत काढून ठेवल्या, आणि सगळ्या कॅसेटी कव्हरांच्या रंगांप्रमाणं लावल्या. “भाऊजी, काय सुरेख दिसतंय हो! इंद्रधनुष्यच!” म्हणाल्या. मी त्या इंद्रधनुष्यापुढं वाटीभर नावं हातात घेऊन बसलो होतो.

पण खरी अडचण पट्ट्यांची नव्हती. खरी अडचण ‘लाव’ या शब्दाची होती. “अरे, जरा ते लाव रे.” घरातली माणसं माझी चांगली. नाही कुणी म्हणायचं नाही. पहिलं गाणं आनंदानं लागायचं. दुसरं लागायचं. तिसऱ्याला “हो, आलो” आणि “आलो” यांच्यामध्ये एक लहानशी जागा पडायची, संगीतातल्या जागेसारखी. ती ऐकणाऱ्यालाच कळते. चौथं गाणं मी कधी मागितलं नाही. मागून घेतलेलं गाणं ऐकताना आपलं अर्धं लक्ष लावणाऱ्याच्या पावलांकडे असतं. तो उभा आहे की गेला, त्याचं काम खोळंबलंय का, गाणं लांबलं तर त्याला चालेल का. मोठा ख्याल मागण्याचा तर धीरच व्हायचा नाही. चाळीस मिनिटं कुणाला धरून ठेवणार? माझ्या आवडीनिवडी त्या काळात तीन मिनिटांच्या झाल्या होत्या. त्याला लोक माझी भावगीतांची आवड म्हणत.

१९९५ साली जर्मनीतच (बघा, पुन्हा जर्मनीच!) गाण्याच्या फायलीला ‘एमपीथ्री’ हे आडनाव मिळालं. माझ्यापर्यंत ते यायला वीसेक वर्षं लागली. मी निवृत्त होऊन भोरला परतलो आणि अक्काचा मुलगा वेल्ह्याहून एक दिवस अंगठ्याएवढी वस्तू घेऊन आला. “मामा, यात चार हजार गाणी आहेत.” मी ती हातात धरून पाहिली. एवढ्याशा जागेवर ब्रेलचं एक अक्षर बसलं असतं.

संगणकाशी बोलणं बँकेत असतानाच थोडंफार झालेलं होतं. तिथला वाचक ‘जॉज’ नावाचा. अमेरिकेतला टेड हेंटर हा मोटरसायकलच्या शर्यती मारणारा गडी. १९७८ साली अपघातात त्याची दृष्टी गेली आणि पुढं त्यानं हा प्रोग्रॅम काढला. पहिली आवृत्ती १९८९ ची. फार हुशार, पण फार महाग. आमच्यासारख्यानं तो दुसऱ्याच्या ऑफिसातच वापरावा. मग २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतला. जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र पुढं त्याला येऊन मिळाला, आणि दोघांनी तो जगाला फुकट देऊन टाकला. भाच्यानं माझ्या संगणकात बसवला तो हाच. त्याला बोलायला लागणारा आवाजही फुकटातला आणि तो मराठी जाणतो. जाणतो म्हणजे, पडसं झालेला तलाठी सातबारा वाचतो तसं वाचतो. पहिल्या दिवशी वहिनी दारातून म्हणाल्या, “भाऊजी, हा माणूस तुमच्यावर चिडलाय का?” आता मी त्याचा वेग इतका वाढवलाय की त्यांना तो चिडलाय की हसतोय हेही कळत नाही.

गाणं चालू असताना हा मधेच बोलायचा ही सुरुवातीची मोठी पंचाईत. किशोरीताई निषादावर टेकत आहेत आणि हा सांगतोय, ‘बॅटरी वीस टक्के.’ २०१६ साली त्या मंडळींनी अशी सोय केली की हा बोलायला लागला की गाण्याचा आवाज आपोआप खाली जातो आणि याचं झालं की परत वर येतो. जगातले थोर गवई आता माझ्या भिक्षुकाला आधी बोलू देतात. एवढं सौजन्य मी मैफलीत साथीदारालाही दाखवलेलं ऐकलेलं नाही.

पण वाचणारा मिळाला म्हणून वाचण्यासारखं लिहिलेलं असतं का? इथं खरा गोंधळ सुरू झाला. ती चार हजार गाणी सगळी रोमन लिपीत, आणि इंग्रजी वळणानं वाचली की आमची माणसं ओळखू येईनात. फडक्यांचे ‘फॅडकी’ झाले. अभंगाचा ‘ॲबँग’ झाला, म्हणजे टाळ पायावर पडल्यासारखा. काही गाण्यांची नावं जुन्या मराठी फॉन्टातली होती. ही फार पोचलेली जात. डोळ्याला शुद्ध मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरंच असतात, आणि यंत्र बिचारं आतलं वाचतं. ‘आय क्यू कंस डॉलर एम’ असं एक गाणं माझ्याकडे बरेच दिवस होतं. ते विठ्ठलाचं निघालं.

आणि एकेका गवयाचे अवतार किती! भीमसेन एक ‘आय’चे, भीमसेन दोन ‘ई’चे, हिराबाई बडोदेकर एक ‘डी’च्या, एक ‘आर’च्या. त्यात आपण मराठी माणसं आदर करणारी. नावाआधी पंडित, उस्ताद, श्रीमती घातल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. यंत्र यादी लावतं ती पहिल्या अक्षरावरून. परिणामी सबंध हिंदुस्थानी संगीत ‘पी’ या अक्षराखाली पंडित म्हणून दाटीवाटीनं बसलेलं, ‘यू’खाली सगळे उस्ताद, आणि ‘एस’खाली श्रीमती. लग्नाच्या पंगतीतसुद्धा इतका सोवळेपणा आता राहिलेला नाही. मी एका पावसाळ्यात सगळ्यांच्या पदव्या काढून घेतल्या. संस्थानं खालसा करताना वल्लभभाईंना काय वाटलं असेल याची मला थोडी कल्पना आली. भोरकराला ती जरा लवकर येते.

ही नावं ठेवायची जागा म्हणजे फायलीच्या शेपटीला बांधलेली एक चिठ्ठी. १९९६ साली एरिक केंप नावाच्या गृहस्थानं ती काढली. एकंदर १२८ बाइटची. त्यात गाण्याला ३० जागा, गाणाऱ्याला ३०, संग्रहाला ३०, आणि गाण्याच्या जातीला एक आकडा. देवनागरीचा विचार तीत नव्हताच. पण जबरदस्तीनं बसवायचीच म्हटली, तर आपल्या प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-वेलांटीला आजच्या पद्धतीनं तीन-तीन जागा लागतात. ‘भीमसेन जोशी’ लिहायला लागतात मधली मोकळी जागा धरून ३१. चिठ्ठीत मावतात ३०! म्हणजे शेवटची वेलांटी बाहेर राहते आणि आत उरतात ‘भीमसेन जोश.’ चूक म्हणावी तर तेही खरंच. १९९८ साली नवी चिठ्ठी निघाली, तीत वाटेल तेवढं आणि वाटेल त्या लिपीत लिहिता येतं, म्हणून आपण वाचलो.

जातीच्या आकड्याची गंमत तर वेगळीच. सुरुवातीच्या यादीत ८० जाती. त्यात पोल्का आहे, हिप-हॉप आहे, ख्रिश्चन रॅपसुद्धा आहे. नाट्यगीत नाही, अभंग नाही, लावणी नाही. यादीतला शून्य नंबर म्हणजे ‘ब्लूज’. कुणी जात भरलीच नाही आणि जागा शून्यावर राहिली की यंत्र बेधडक ब्लूज म्हणतं. त्यामुळे माझी काकड आरती ब्लूज, पोवाडा ब्लूज, आणि एका फायलीत भोरच्या बाजूचं एक कीर्तन होतं, तेही ब्लूज. तसा ब्लूजही कष्टकऱ्यांच्या दुःखातूनच आला म्हणतात, पण आमच्या कीर्तनकारबुवांना सांगितलं असतं तर त्यांनी चिपळी फेकून मारली असती.

भाचा म्हणाला, “मामा, एवढा काय त्रास घेता? नाव काहीही असो, गाणं तेच ना!” मी त्याला म्हटलं, बाबा रे, तू तोरण्याच्या पायथ्याचा आणि तू हे बोलावंस? तुमचा तोरणा तो प्रचंडगडही, आणि १७०४ साली औरंगजेबानं घेतला तेव्हा फुतुहुल्गैबही. तुमचा राजगड आधी मुरुंबदेवाचा डोंगर. आमचा रोहिडा म्हणजेच विचित्रगड. भाटघरचं धरण सरकारी कागदावर लॉईड धरण होतं, त्याच्या पाण्याला येसाजी कंकांचं नाव. आणि आता तुमच्या वेल्हे तालुक्याचंच नाव २०२४ साली राजगड करायचं ठरलं. एका डोंगराला चार नावं असली तरी डोंगर जागेवर असतो, दिसतो, कुणीही बोट दाखवून सांगू शकतो. माझ्याकडे बोट दाखवून भागत नाही. माझ्याकडे नाव चुकलं की डोंगरच नाही.

भाचा गप्प बसला आणि त्यानं माझ्या ‘वेल्हे’ नावाच्या कप्प्याचं नाव बदलू का विचारलं. मी म्हटलं, त्याला हात लावू नकोस.

त्या कप्प्यात आईच्या ओव्या आहेत.

त्याची हकिगत अशी. आईचं माहेर वेल्ह्याकडचं. १९८३ साली दादा तिला घेऊन एका लग्नाला तिकडं गेला होता, तेव्हा त्यानं माझाच टेपरेकॉर्डर नेला आणि पहाटे जात्यावर आईच्या ओव्या भरून घेतल्या. एकच बाजू भरली. आई गेली, पुढं दादाही गेला. कॅसेट पेटीत राहिली. तिच्यावर पट्टी नव्हती, कारण तिला कधी पट्टी लागलीच नाही. टेपमध्ये घातल्याबरोबर जात्याची घरघर यायची. अलीकडे फीत कुरकुरायला लागली म्हणून भाच्यानं पुण्याहून तिच्या फायली करून आणल्या. मी संगणकाला लावल्या आणि खाली बाण दाबला. भिक्षुक म्हणाला, “ट्रॅक झिरो वन. अननोन आर्टिस्ट. ब्लूज.” पुन्हा बाण. “ट्रॅक झिरो टू. अननोन आर्टिस्ट. ब्लूज.”

असं नऊ वेळा.

यंत्राला राग येऊन उपयोग नसतो. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि पडसं झालेल्या त्या आवाजाशी दोन दिवस बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी कामाला लागलो. ओवीला काय नाव द्यायचं? ओवीला शीर्षक नसतं, ती पिठासारखी येते. इथं मला पुण्याच्याच दोघांची मदत झाली. गी पॉइतवाँ हा मूळचा फ्रेंच माणूस आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. मुळशी-मावळच्या डोंगरापासून सुरू करून एक लाखाच्या वर! बर्नार्ड बेल या संगीताच्या आणि संगणकाच्या जाणकारानं त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रणं आणि नोंदी संगणकात बसवल्या. पॉइतवाँ २००४ साली गेले, राईरकर २०१० साली, पण २०१७ पासून त्या ओव्या ‘परी’च्या मंडळींनी इंटरनेटवर सर्वांना ऐकायला ठेवायला सुरुवात केली. भाच्यानं मला लावून दिल्या. मी रात्रभर ऐकल्या आणि त्याहून जास्त वेळ त्यांच्या वर्गवारीकडे कान देऊन बसलो. त्यांनी ओव्या रागावारी लावल्या नाहीत की चालीवारी नाही. ओवी कुणाबद्दल आहे त्यावरून लावल्या. सीतेच्या, भावाच्या, लेकीच्या, पंढरीच्या, बाबासाहेबांच्या. आणि गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव प्रत्येकीला. लाखभर ओव्यांत ‘अननोन आर्टिस्ट’ म्हणून भागवलेलं नाही.

मग मीही तसंच केलं. एफ-टू दाबायचं, जुनं खोडायचं, नवं लिहायचं. ‘सीता – वनवास.’ ‘भाऊ – गाडी आली.’ ‘लेक सासरी.’ जातीच्या रकान्यात ‘जात्यावरच्या ओव्या’, ब्लूज गेला. राहिला गाणाऱ्याचा रकाना. तिथं माझी बोटं थांबली. आईचं नाव कुठलं लिहायचं? लग्नात बदललेलं सासरचं नाव रेशनकार्डावर होतं. माहेरचं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, कागदावर आहे तेच लिहा. अक्का म्हणाली, “ओव्या काय रेशनकार्डानं म्हटल्या?”

निकाल नवव्या फायलीनं लावला. ती फक्त एक्केचाळीस सेकंदांची, त्यामुळे मी ती मोकळी फीत समजून शेवटाला ठेवली होती. जातं थांबलेलं. दादाचा आवाज, अगदी पुणे केंद्राच्या निवेदकासारखा: “आपण आत्ता ऐकल्यात जात्यावरच्या ओव्या. बाई, आपलं नाव?” आई म्हणते, “मेल्या, आईला नाव विचारतोस?” हसण्याचा आवाज, दोघींचा. आणि मग ती सांगते. माहेरचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव. खणखणीत, गौहरजानसारखं. फक्त मराठीत.

तेच मी रकान्यात लिहिलं. यंत्र ते पहिल्यांदा वेडंवाकडं म्हणालं. त्याच्यात उच्चारांचा एक कोश असतो. त्यात आपण सांगायचं की हा शब्द असा दिसला की असा म्हण. तीन प्रयत्न लागले. आता ठीक म्हणतो. अक्कानं त्याला ते सात-आठ वेळा म्हणायला लावलं.

प्रश्न उरला तो दोघींमधल्या दुसरीचा. जात्याला दोघी बसल्या होत्या. पाच ओव्यांत तिचा आवाज वर आहे, आईपेक्षा बारीक आणि, आईची क्षमा मागून, जास्त सुरेल. नवव्या फायलीत आईचं सांगून झाल्यावर दादा विचारतो, “आणि आपण?” ती घसा खाकरते, आणि तिथं बाजू संपते. खट् असा आवाज येतो. दादानं दुसरी बाजू लावली नाही. बहुधा सगळ्यांना चहा आला असावा.

ते गाव पुढं धरणाच्या पाण्यात गेलं आणि माणसं पांगली. अक्का ती फाईल फोनमध्ये घेऊन हिंडते. गेल्या वर्षी एका लग्नात तिनं चार म्हाताऱ्यांच्या कानाला फोन लावला. चौघींनी आवाज ओळखला आणि तीन वेगवेगळी नावं सांगितली. चौथीनं ‘ती मीच’ म्हणून सांगितलं, पण तिच्या सुनेनं मागून नाही म्हणून मान हलवली असं अक्का म्हणते. तिन्ही नावं मी टिपणाच्या रकान्यात घालून ठेवली आहेत, चौथीचंही. गाणारीच्या रकान्यात तूर्त आईचं नाव आणि पुढं नुसतं ‘आणि’ आहे. भिक्षुक तेवढंच वाचतो. “आणि” म्हणून थांबतो.

येत्या वैशाखात अक्का दौंडकडे एका लग्नाला जाणार आहे. त्या गावातली दोन घरं तिकडं आहेत म्हणतात. फोन आदल्या रात्रीच चार्जिंगला लावून ठेव म्हणून मी तिला आत्ताच बजावलं आहे.